राउटर त्यांचा, वेगही त्यांचाच?

प्रश्न : आम्ही भांडुपला राहतो. ३०० एमबीपीएसचा इंटरनेट प्लॅन घेतला. घरात चांगला राउटर असूनही 'आमचाच घ्यावा लागेल' म्हणत कंपनीच्या माणसाने २,५०० रुपये घेतले. वेग ९५ च्या वर जात नाही. बिल भरणं बंद करू का?

उत्तर : ताई, बिल मुळीच थांबवू नका. तुम्ही भांडायला उभ्या राहिलात की कंपनी पहिला कागद काढेल तो तुमच्या थकबाकीचा.

९५ हा आकडाच बोलका आहे. स्वस्त राउटरचे पोर्ट बरेचदा १०० एमबीपीएसचेच असतात. फायबरमधून ३०० आले तरी पुढे इतकेच सरकतात. लॅपटॉप केबलने जोडून वेग मोजा आणि स्क्रीनशॉट ठेवा. केबलही तपासा, कारण चारच तारा जोडलेली केबल १०० लाच अडते. कंपनीचा वकील हीच पळवाट काढेल. त्यांच्या बाजूने असतो तर मीही काढली असती. मग तुमचा स्वतःचा राउटर लावून पुन्हा मोजा. वेग वाढला, तर सेवेतल्या त्रुटीचा पुरावा तुमच्या हातात आला.

सक्तीचं म्हणाल तर, फायबर ज्या डबीत शिरते ती ओएनटी कंपनीच्या यंत्रणेत नोंदवावी लागते, त्यामुळे ती त्यांचीच असावी हे मान्य. पण त्यापुढचा वायफाय राउटर वेगळा असेल, तर 'तो घेतला तरच कनेक्शन' ही अट ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४१) मधल्या निर्बंधक व्यापार प्रथेत बसते. दोन्ही एकाच डबीत असतील तर हा मुद्दा लंगडा पडतो. मग वेगावरच भर द्या.

कंपनीकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, दाद न लागल्यास तिच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे चकरा मारू नका. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा. शेवटी बांद्र्याचा उपनगर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. दूरसंचाराच्या तक्रारी आयोग ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. मुदत दोन वर्षांची, आणि सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

आधी ती २,५०० ची पावती शोधा. 'अनामत' लिहिलं असेल तर राउटर परत देऊन पैसे मागता येतील. 'विक्री' असेल तर सक्तीची तक्रार करावी लागेल. आणि पावतीच दिली नसेल, तर पैसे कसे दिले ते कळवा. यूपीआयने दिले असतील तर बँकेचा उतारा आजच काढून ठेवा.