समितीपुढे गेलो तर पोरं काढून घेतील का?

आईवडील गेलेली मुलं सांभाळणाऱ्या आज्या, काका, मावश्या मला हे विचारतात, तेही दबक्या आवाजात. अशा मुलांनी कुणाजवळ राहायचं ते ठरवणाऱ्या बालकल्याण समितीचं नाव काढलं की त्यांच्या डोळ्यांपुढे बालगृह येतं.

२०२१ची दुसरी लाट ओसरत होती तेव्हाचं हे घर. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा भाऊ, आईवडील दोघंही कोविडने गेलेले. आजी शेतमजूर. मला पाहताच म्हणाली, "ताई, घरात काय काय नाही ते लिहून न्याल आन् पोरं उचलाल."

गरिबी हे मूल काढून घ्यायचं कारण नव्हे. २०१५च्या बालन्याय कायद्यानुसार संस्था हा शेवटचा पर्याय. मारहाण, व्यसन, मुलांना कामाला जुंपणं दिसलं तर समिती वेगळा विचार करते, करायलाच हवा. गृहभेटीत मी बघते ते एवढंच: मुलं कोणाजवळ झोपतात, रात्री दचकून उठली तर कोणाला हाक मारतात, शाळा सुटली तर नाही ना.

इथली खरी अडचण वेगळीच निघाली. धाकटा मामाकडे, थोरली काकाकडे, असं मोठ्यांनी ठरवून टाकलं होतं. भार वाटून घ्यावा, एवढाच हेतू. पण ते कानावर पडल्यापासून थोरली भावाला नजरेआड होऊ देत नव्हती. मामा-काकांना एकत्र बसवलं, तिलाही बोलू दिलं. मामांनी धान्याचं आणि काकांनी शाळेचं बघायचं, भावंडं आजीजवळच राहायची, असं ठरलं. समितीनेही मुलांशी बोलून तेच मान्य केलं. मग बालसंगोपन योजनेचे पैसे सुरू झाले, तेव्हा मुलामागे दरमहा ११०० रुपये, पुढे ते २२५० झाले. राज्य सरकारची प्रत्येकी ५ लाखांची मुदत ठेवही झाली.

मला धास्ती होती ती दुसऱ्याच गोष्टीची. 'अनाथ बाळ दत्तक द्यायचंय' असे संदेश तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरत होते. समितीकडे नोंद नसलेलं मूल परस्पर कुणाच्या हाती गेलं तर शोधायचं कुठे?

तुमच्या घरी आईवडील गेलेलं मूल असेल तर १०९८ वर फोन करा किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. मृत्यूचे दाखले, मुलांचे जन्मदाखले, आधार, रेशनकार्ड, शाळेचा बोनाफाईड सोबत न्या. एखादा कागद नसला तरी थांबू नका, तो काढायला मदत मिळते. आणि निघण्याआधी मुलांना नीट सांगा, की तुम्हाला कुठे सोडायला नाही, तुमचं नाव नोंदवायला चाललोय.