'सेंटो'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न पुण्याहून आला आहे: "आमच्या कवितामंडळात पुढच्या बैठकीला प्रत्येकाने एक 'सेंटो' लिहून आणायचा आहे. त्यात म्हणे एकही ओळ आपली नसते. मराठीत याला समस्यापूर्ती म्हणावे का? आणि तो करायचा कसा?"

समस्यापूर्ती म्हणू नये. समस्येत एक चरण, बहुधा शेवटचा, दिलेला असतो आणि बाकीचे आपण रचतो. जैन आचार्य जिनसेनांच्या 'पार्श्वाभ्युदय' या संस्कृत काव्यात अख्खे मेघदूत ओळीओळीने सामावले आहे, पण शेजारच्या ओळी जिनसेनांच्या स्वतःच्या आहेत. गझलेतल्या तरही मिसऱ्याचेही, म्हणजे गझल रचण्यासाठी दिलेल्या ओळीचेही, तसेच. सेंटोत सगळ्या ओळी दुसऱ्यांच्या, आपले असतात ते फक्त त्या जोडणारे टाके.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच जुन्या चिंध्या जोडून शिवलेले पांघरूण असा आहे. म्हणजे आपली गोधडी, सातारा-कोल्हापूरकडची वाकळ. 'ठिगळकविता' हा पर्याय मला पटत नाही. ठिगळ फाटक्या जागी लावतात, त्याला मूळचे कापड लागते. इथे सगळे तुकडेच. 'गोधडीकविता' म्हणावे. नुसते 'गोधडी' म्हटले तर गोधडीवरची कविता वाटेल. सेंटोच वापरायचा तर 'फोटो'सारखा चालवावा: तो सेंटो, दोन सेंटो, सेंटोत, सेंटोचा.

आता शिवणकाम. सुरुवात अभंगापासून करावी असे मी आग्रहाने सांगेन. देहू-आळंदी पुण्याच्या दाराशी आहेत म्हणून नव्हे, तर मोठ्या अभंगाचे माप ठरलेले आहे म्हणून: ६-६-६-४ अक्षरे, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक. एका मापाचे तुकडे सहज जुळतात. तुकोबांच्या दोन अभंगांचा हा एक सांधा पाहा:

आम्हां घरी धन / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया

पहिला चरण एका अभंगातला, उरलेले तीन 'सुंदर ते ध्यान'मधले. शब्द एकही बदललेला नाही, तरी घरचे धन म्हणजे साक्षात विठ्ठल झाला! हे जुळले कारण 'धन' नपुंसकलिंगी एकवचनी आहे, 'ध्यान'सारखेच. त्याच जागी 'शब्दांचीच शस्त्रे' ठेवा. अक्षरे सहाच, पण शस्त्रे 'उभी' हवीत, 'उभे' नाही. शिवण तिथेच उसवते. तिसरा चरण काढून त्या जागी वेगळाच लावला तर 'ठेवोनिया' अधांतरी लोंबते, कारण ठेवायचे काय ते 'कर'मध्ये होते. नवशिक्यांच्या बहुतेक चुका अशाच, लिंग-वचन आणि क्रियापदाच्या कर्माच्या असतात. अक्षरे मोजणारे मोजतात, व्याकरणाचा सांधा मात्र तपासत नाहीत.

हा एक सांधा झाला, पुरता सेंटो नव्हे. चौथ्या शतकातल्या ऑसोनियस या लॅटिन कवीने रोमन महाकवी व्हर्जिलच्या ओळींतून लग्नाचा सेंटो रचला आणि सोबत नियमही सांगितले: एकाच जागच्या दोन पूर्ण ओळी लागोपाठ घेणे कच्चे काम, तीन म्हणजे निव्वळ पोरखेळ. ओळ मोडायची तर यतीवर, म्हणजे ओळीतल्या विरामाच्या जागी, मोडावी. आपल्याकडे चरणाचा शेवट ही ती जागा; चरण मधूनच कापू नये.

दहा-बारा ओळींच्या रचनेसाठी चाळीस-पन्नास ओळी तरी गोळा कराव्यात. एका चिठ्ठीवर एकच ओळ. मागे कवी, अक्षरसंख्या, लिंग-वचन, आणि कर्ता 'मी' की 'तो' हे लिहावे. मग चिठ्ठ्या शेवटच्या दोन अक्षरांप्रमाणे लावाव्यात, म्हणजे यमके आपोआप शेजारी येतात. 'तुका म्हणे'च्या ओळी शक्यतो बाजूला ठेवा. नाममुद्रा आली की वाचकाला कविता तिथे मिटल्यासारखी वाटते, शिवाय पुढची ओळ चोखोबांची असेल तर ती तुकोबांच्या तोंडी जाते. अनुस्वारांचेही एकच धोरण हवे: 'उभें' लिहिणार असाल तर सगळीकडे तसेच.

आधुनिक कवींच्या ओळी घेताना लक्षात ठेवा, की भारतात कवीच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. मंडळात वाचायला अडचण नसावी; छापायचे असेल तर परवानगीचे पाहावे. कुठेही, एका कवीची एकच ओळ आणि खाली क्रमाने प्रत्येकाचे नाव. नावे गाळली तर त्याला गोधडीकविता नव्हे, उचलेगिरी म्हणतात.