३८ स्पेशलच्या केसमध्ये पावडर एवढी कमी का दिसते?

तुम्ही अमेरिकेत आहात आणि पहिल्यांदाच ३८ स्पेशल, म्हणजे रिव्हॉल्व्हरचं काडतूस, स्वतः भरताय. एक डबा भरूनही ठेवलाय. मॅन्युअलप्रमाणे मोजलेली पावडर केसच्या (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्या) तळाशीच राहते, काही चुकतंय का, हा तुमचा प्रश्न. नाही, तशीच राहते. १९व्या शतकाच्या अखेरीस हे काडतूस काळ्या बारुदीच्या मापाने घडवलं गेलं. आजच्या धूररहित पावडरला तेवढी जागा लागत नाही, केस मात्र लांबच राहिली.

भीती त्या रिकाम्या जागेचीच. जलद जळणाऱ्या पावडरचं माप चुकून दोनदा पडलं तरी सहज मावतं. सांडत नाही, वर गोळीही नीट बसते. ही पावडर उघड्यावर नुसती भुरकन जळून जाते. कोंडली की दाब चढतो, दाब चढला की ती आणखी वेगाने जळते, म्हणजे पुन्हा दाब. त्यामुळे दुप्पट पावडरचा दाब दुपटीवर थांबत नाही, रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता भाग) फुटू शकतो.

मी रिकाम्या केस ठोकळ्यात पालथ्या ठेवतो. उचलायची, भरायची, सुलटी ठेवायची. मग टॉर्च मारून प्रत्येकीत डोकावायचं. एखादीत पावडर वर-खाली दिसली की ती ओतून पुन्हा मोजायची. कंटाळवाणं आहे, पण मोबाइल आणि गप्पा दूर ठेवून कराच.

पावडर अजिबात पडली नाही तरी घोळ होतो. नुसत्या प्रायमरच्या (केसच्या बुडातल्या, पावडर पेटवणाऱ्या टोपीच्या) जोरावर गोळी नळीत शिरून अडकते. बार फुसका वाजला की थांबा, रिव्हॉल्व्हर रिकामं करा, नळी तपासा. पुढची गोळी त्या अडकलेल्या गोळीवर आदळली तर नळी फुगते किंवा फाटते.

आपल्याकडच्या माणसाचा हमखास घोटाळा काट्यावर होतो. मॅन्युअलमधलं माप ग्रेनमध्ये असतं, आणि १ ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन. डिजिटल काट्याचं ग्रेन-ग्रॅम बदलणारं बटण चुकून दाबलं जातं, म्हणून दर बैठकीला आधी प्रमाण वजन ठेवून बघा.

(भारतात परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा आहे. सुट्टीत घरी जाऊन प्रयोग नकोत.)

आता तुम्ही भरून ठेवलेल्या डब्याबद्दल. तयार काडतुसं तोलून दुप्पट भरलेलं शोधू नका. केस आणि गोळ्यांच्या वजनातच इतका फरक असतो की त्यात पावडरचा फरक लपतो. शंका असेल तर हातोडीसारखा पुलर (आपटून केसमधून गोळी काढायचं अवजार) आणा आणि सगळी उकला. निघालेली पावडर परत पावडरच्या डब्यात ओतू नका.