सूज, लिंफ आणि हलका हात: तुमच्या प्रश्नांना उत्तरं

छातीच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला दोन वर्षं झाली. डावा हात संध्याकाळपर्यंत जड होतो, बांगड्या चढत नाहीत. लिंफॅटिक ड्रेनेज मसाजने बरं होईल का? (म्हापसा)

ताई, हा त्रास वयामुळे होतोय असं कोणी सांगितलं तरी गप्प बसू नका. लिंफ म्हणजे शरीरातलं जास्तीचं पाणी बारीक नळ्यांमधून परत रक्ताकडे नेणारा द्रव. काखेतल्या लिंफच्या गाठी काढल्या किंवा रेडिएशन दिलं की त्याची वाट अरुंद होते आणि पाणी हातात साठत राहतं. लिंफला हृदयासारखा वेगळा पंप नसतो, ते नळ्यांच्या बारीक आकुंचनावर, झडपांवर आणि आपल्या हालचालीवर, श्वासावर पुढे सरकतं. म्हणून मसाज करताना आधी मान मोकळी करायची, मग छाती-पाठ, मग दंड आणि पंजा सगळ्यात शेवटी, पुढचीच वाट तुंबली असेल तर मागून ढकलून काय होणार? आणि हात किती हलका, तर तान्ह्या बाळाची टाळू चाचपतो ना, तेवढा. तेल नाही, रगडणं नाही, कातडी नुसती सरकवायची आणि सोडायची. पेशंट मला रोज म्हणतात, जरा जोर लावा की, पण या नळ्या कातडीच्या लगेच खाली असतात, जोर दिला तर त्या दबतातच. डेन्मार्कच्या एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या नवरा-बायकोने १९३० च्या दशकात ही पद्धत बसवली, तेव्हापासून हात हलकाच आहे.

पण एकट्या मसाजवर राहू नका. दाब देणाऱ्या पट्ट्या किंवा स्लीव्ह (हातावर चढवायची घट्ट बाही), व्यायाम आणि कातडीची निगा हे सगळं बरोबर लागतं, तेव्हा सूज आटोक्यात राहते. पूर्ण जाईल असं वचन मी देणार नाही. मासळी साफ करताना त्या हातात ग्लोव्हज घाला, बांगड्याचा काटा लागला, हात लाल आणि गरम झाला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, आणि तोवर मसाज बंद.

कळंगुटच्या एका स्पामध्ये याच मसाजचं डिटॉक्स पॅकेज आहे, वजन उतरतं म्हणतात. घेऊ का?

आराम वाटतो म्हणून घ्यायचं तर घ्या. चरबी याने जात नाही, एखाद दिवस अंग हलकं वाटेल ते पाण्यामुळे. शरीरातली घाण काढायचं काम लिव्हर आणि किडनी करतात. हार्ट किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच.

बाबांचा एकच पाय तीन दिवसांत सुजला, पोटरी दुखते. व्हिडिओ बघून घरी मसाज करू का? (पेडणे)

नका करू, हात पण लावू नका! अचानक एकाच पायाला सूज आणि पोटरीत दुखणं म्हणजे शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतेल. आजच दाखवा, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला न्यावं लागलं तरी न्या, डॉपलर सोनोग्राफीत कळेल. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट १०८.

सासूबाईंना जुना हत्तीरोग आहे, पावसाळ्यात पाय फार चिघळतो.

वहिनी, इथे मसाजच्या आधी साबण-पाणी. रोज पाय हळू धुवायचा आणि बोटांच्या बेचक्या मऊ फडक्याने अगदी कोरड्या करायच्या, कारण त्या ओल्या बेचकीतल्या बुरशीतून आणि चिरांतून जंतू आत शिरतात आणि प्रत्येक तापानंतर पाय आणखी जाड होतो. शेतात अनवाणी पाठवू नका, बसल्या की पाय उशीवर. चिघळलेलं आधी डॉक्टरकडून बरं करून घ्या, मग त्यांना घेऊन या, पट्टी कशी बांधायची ते मी तुम्हालाच शिकवते.