कवळी, इम्प्लांट आणि पोस्टातले पंधरा लाख

प्रश्न : मी ७१ वर्षांचा, खासगी कारखान्यातून निवृत्त झालेला. कोरेगाव तालुक्यात राहतो. पत्नी ६६ वर्षांची. तिचे सगळे दात गेलेत. वरची कवळी नीट बसते, खालची सारखी हलते. दातांच्या डॉक्टरांनी खाली इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात घातलेल्या खुंटांवर, पक्के दात बसवायला सांगितलंय, खर्च ३ लाख ८० हजार. दुसरा पर्याय म्हणजे दोनच इम्प्लांट घालून त्यांवर बटणासारखी अडकणारी कवळी, १ लाख १० हजार. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख आहेत, खातं अडीच वर्षांचं. बँकेत ३-३ लाखांच्या दोन ठेवी, त्यातली एक चार महिन्यांनी संपते. बचत खात्यात ८५ हजार. पेन्शन ३,१०० रुपये. मेडिक्लेम नाही. दवाखान्यात हप्त्यांची सोय आहे. पुण्यातला मुलगा पैसे देतो म्हणतो, पण पत्नीचं म्हणणं, आता किती वर्षं राहिलीत, कशाला एवढा खर्च! पोस्टातले पैसे काढावेत का?

उत्तर : नाही, पोस्टाच्या पैशाला हात लावू नका.

या योजनेत गरजेपुरती रक्कम काढता येत नाही. ३ लाख ८० हजार हवे असले तरी खातं पूर्ण बंद करावं लागतं. दोन वर्षं उलटून गेल्यामुळे मुदलातून एक टक्का कापतील, तोही १५ लाखांवर, म्हणजे १५ हजार. दातांचं बिल आणखी तेवढ्याने वाढलं म्हणा. उरलेले पैसे पुन्हा योजनेत ठेवता येतील, पण खरा फटका पुढे आहे. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला तुम्हाला ३०,७५० रुपये मिळतात. त्यातले ३ लाख ८० हजार गेले की तिमाहीला ७,७९० रुपये, म्हणजे महिन्याला जवळपास २,६०० कमी. पोस्टाचं व्याज आणि पेन्शन मिळून तुमच्या हातात महिन्याला साधारण १३,३५० येतात. त्यातला पाचवा हिस्सा कायमचा गेला.

मग ठेवी मोडाव्यात? मेडिक्लेम नसलेल्या घरात त्या ६ लाखांना मी ठेव म्हणतच नाही. तो तुमचा दवाखान्याचा पैसा आहे. खुब्याचं हाड मोडलं किंवा छातीत दुखलं, तर रात्री दोन वाजता धावून येणारा. सत्तरीनंतर आयुष्मान कार्ड मिळतं, ते तुम्ही काढलं नसेल तर काढा. पण ते रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे, दात बसवण्याचा खर्च त्यात धरू नका. शिवाय पत्नी सत्तरीच्या अलीकडे आहेत.

हप्त्यांचं गणित तर बसतच नाही. ३ लाख ८० हजारांचे बारा हप्ते म्हणजे महिन्याला ३१,६६७. चोवीस केले तरी १५,८३३, पोस्टाचं व्याज आणि पेन्शन मिळून येतात त्याहूनही जास्त. ‘बिनव्याजी’ हप्त्यांतही प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी असतो, आणि रोखीने दिले असते तर मिळाली असती ती सूट जाते. दवाखान्यात विचारून बघा, ‘आजच सगळे दिले तर किती?’ उत्तर बोलकं असतं.

आता पत्नीच्या ‘किती वर्षं राहिलीत’ याबद्दल. मी कुणाचाही हिशेब नव्वदीपर्यंतचा धरतो, म्हणजे त्यांची अजून चोवीस वर्षं. माझ्या आईने शेवटची काही वर्षं कवळी वाटीत ठेवून भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. दाण्याचं कूट चालायचं, दाणे नाहीत. मेथीच्या भाजीचं फक्त पाणी घ्यायची. ‘सवय झालीय’ म्हणायची आणि आम्ही ते खरं मानलं. पैसे होते, आम्ही विचारलंच नाही. त्यामुळे साध्या कवळीवरच भागवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही.

माझं मत दोन इम्प्लांटच्या कवळीकडे झुकतं, आणि ते केवळ स्वस्त आहे म्हणून नाही. वरची कवळी टाळूला चिकटून राहते. खालच्या कवळीला घोड्याच्या नालेएवढीच जागा, त्यात जीभ तिला ढकलते आणि दात गेल्यावर हाडही झिजत जातं. दोन खुंट मिळाले की ती हलायची थांबते. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा, असं म्हटलं होतं. पक्के दात यापेक्षा सुखाचे, यात वाद नाही. पण त्या जादा सुखासाठी तुम्ही २ लाख ७० हजार मोजणार आहात.

आणि या कामाचा वेळ तुमच्या ठेवीशी छान जुळतोय. इम्प्लांट हाडात धरायला साधारण तीन-चार महिने जातात, कवळी त्यानंतर अडकवतात. डॉक्टरांशी पैसे दोन टप्प्यांत ठरवा : ६० हजार आता बचत खात्यातून, ५० हजार चार महिन्यांनी ठेव संपल्यावर. काही मोडावं लागत नाही.

हो म्हणण्याआधी अंदाजपत्रक लेखी घ्या. स्कॅन, मधल्या काळातली कवळी, हाड कमी पडलं तर भर घालायचा खर्च, सगळं त्यात आहे का ते बघा. बटणातल्या रिंगा झिजतात, बदलाव्या लागतात. त्याचा दर आत्ताच विचारा. मधुमेह, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या किंवा हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली औषधं असतील, तर ती डॉक्टरांना आधी सांगाच. हाडांच्या काही औषधांनी क्वचित जबड्याची जखम भरत नाही. कराडच्या दंत महाविद्यालयात दुसरं मत घ्या. शिकवणाऱ्या रुग्णालयांत दर बहुधा कमी असतात, खेपा मात्र जास्त पडतात.

मुलाच्या पैशाबद्दल संकोच का, ते कळलं नाही. तुमचं उत्पन्न करपात्रच नाही, त्यामुळे उपचारांच्या खर्चावरच्या करसवलतीचा तुम्हाला उपयोग नाही. तो जुन्या करपद्धतीत असेल, तर मेडिक्लेम नसलेल्या ज्येष्ठ आईवडिलांच्या औषधोपचारांवर ५० हजारांपर्यंत प्राप्तिकरात वजावट त्याला मिळते, रोख न देता बँकेतून दिले तर. दुसरा टप्पा नेमका ५० हजारांचाच आहे. तो त्याला भरू द्या, ठेव पुन्हा लावून टाका. आणि हे पत्नीला त्यानेच सांगितलं तर बरं. तुम्ही सांगाल तर त्या नाहीच म्हणतील.