घरातल्या दोन मजल्यांमध्ये १० गिगाबिटचे फायबर कमी खर्चात कसे टाकावे?

कोथरूडमधल्या आपल्या दुमजली घरात खाली नॅस (नेटवर्कवरून फाइली साठवणारे यंत्र) आणि वर व्हिडिओ संपादनाचा संगणक आहे, दोन्ही १ गिगाबिटने जोडलेले आहेत आणि मोठ्या फाइली हलवण्यात फार वेळ जातो, म्हणून फायबर टाकावे का, असे आपण विचारले आहे. जरूर टाकावे, पण साऱ्या घरात नव्हे, फक्त या दोन यंत्रांमध्ये. त्यामुळे इंटरनेटचा वेग वाढणार नाही, हे मात्र घरातल्यांना आधीच सांगून ठेवावे.

खरेदीपूर्वी नॅस तपासा. त्यात पीसीआय-ई स्लॉट (जास्तीचे कार्ड बसवण्याची खाच) किंवा एसएफपी प्लस पोर्ट (फायबरचे मॉड्यूल बसवण्याचे १० गिगाबिटचे तोंड) नसेल, तर पुढचे सारे व्यर्थ आहे. शिवाय १ गिगाबिटवर सेकंदाला साधारण ११० मेगाबाइट जातात आणि एकटी फिरती हार्ड डिस्क फार तर दोनशे-अडीचशेपर्यंत पोहोचते. म्हणजे नॅसमध्ये एकच डिस्क असेल, तर पैसे आधी एसएसडीवर (न फिरणाऱ्या, वेगवान डिस्कवर) खर्च करणे शहाणपणाचे ठरेल.

दोनच यंत्रे जोडायची असल्यामुळे स्विचची गरज नाही. दोन्हीकडे एकेक एसएफपी प्लस कार्ड, दोन मॉड्यूल (विजेच्या संकेताचा प्रकाश आणि प्रकाशाचा पुन्हा संकेत करणारे छोटे तुकडे) आणि मध्ये केबल एवढे पुरते. या दुव्याला घरच्या नेटवर्कपेक्षा वेगळे आयपी पत्ते द्यावेत आणि इंटरनेट जुन्याच तारेवरून चालू द्यावे. सर्व्हरमधून काढलेली इंटेल एक्स५२० किंवा मेलानॉक्स कनेक्टएक्स-३ ही कार्डे नव्याच्या मानाने बरीच स्वस्त मिळतात. इंटेलचे कार्ड मॉड्यूलच्या बाबतीत चोखंदळ असते, त्यामुळे त्याला चालणारेच मॉड्यूल मागून घ्यावे. ही कार्डे सर्व्हरमधल्या जोरदार हवेसाठी बनलेली असल्याने घरच्या कॅबिनेटमध्ये त्यांच्यावर छोटा पंखा रोखून ठेवणे मला आवश्यक वाटते.

काटकसर कार्डांवर करावी, केबलवर करू नये, कारण कार्ड केव्हाही बदलता येते, पण भिंतीतली केबल वर्षानुवर्षे तशीच राहते. म्हणून मी सिंगल-मोड केबल (लांब अंतरासाठीचा, बारीक गाभ्याचा फायबर) आणि तिच्यावर चालणारे एलआर मॉड्यूल सुचवेन. १० किलोमीटरसाठी बनलेले एलआर मॉड्यूल पंधरा-वीस मीटरवर जळेल ही भीती अनेकांना वाटते, परंतु त्याच्या ठरलेल्या मानकानुसार प्रकाशाची कमाल पातळी समोरच्या मॉड्यूलला सोसेल इतकीच असते.

दोन्ही टोकांना एलसी कनेक्टर (मॉड्यूलमध्ये बसणारे छोटे टोक) बसवलेली तयार केबल घेतली, तर फायबर जोडून देणाऱ्या स्प्लायसिंगवाल्याला बोलवावे लागत नाही. मात्र दुहेरी एलसी कनेक्टर साधारण १३ मिलिमीटर रुंद असतो. २० मिलिमीटरच्या कन्सील्ड पाइपमध्ये आधीच वायरी असतील तर तो वळणावर अडकतो. तेव्हा कनेक्टरची जोडी सोडवून, दोन्ही टोके मागेपुढे ठेवून चिकटपट्टीने गुंडाळावीत, आणि वायरमनने पाइपमधून केबल ओढण्याची स्प्रिंग कनेक्टरला नव्हे तर केबलच्या आवरणाला बांधून सावकाश ओढावी. इंटरनेटवाला बसवून जातो तो हिरवा कनेक्टर तिरक्या घासणीचा एपीसी असतो आणि आपल्याला लागतो तो निळा यूपीसी. या दोघांची सांगड घालू नये. चालू केबलच्या टोकात डोकावून पाहू नये, कारण तो प्रकाश दिसत नाही, तरी डोळ्याला अपाय करू शकतो.

भिंतीत कॅट-६ (तांब्याची नेटवर्क केबल) आधीच असेल, तर तिच्यावरही ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिट चालते. पण तिला लागणारी कार्डे अधिक तापतात आणि वीजही अधिक खातात. गच्चीवरून किंवा घराबाहेरून केबल न्यायची असेल, तर मी तांब्याचा विचारही करणार नाही. पुण्यात वळवाच्या पावसात विजा कशा कडाडतात हे आपण जाणताच, आणि धातू नसलेल्या फायबरमधून तो धक्का यंत्रांपर्यंत जात नाही.

जोडणी झाल्यावर फाइल हलवून वेग ठरवू नका, कारण त्यात डिस्कचा वेगही मिसळतो. आधी आयपर्फ-३ (फक्त नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्राम) चालवा. ९.४ गिगाबिटच्या आसपास आकडा आला, तर दुवा उत्तम आहे. तो ३ ते ४ च्या आसपास अडकला, तर कार्ड स्लॉटच्या एकाच लेनवर (माहिती जाण्याच्या मार्गिकेवर) चालत असण्याची शक्यता मोठी, तेव्हा ते किमान चार लेनच्या स्लॉटमध्ये हलवा.