होव्हरक्राफ्टवर रणगाडा एकच का नेतात?

तुम्ही विचारलंय की हवेवर चालणारं होव्हरक्राफ्ट रणगाड्याचं वजन कसं पेलतं आणि डेक एवढा मोठा असून रणगाडा एकच का नेतात. माझा फार आवडीचा विषय आहे हा, अमेरिकन नेव्हीचं एलकॅक नावाचं होव्हरक्राफ्ट घेऊन सांगतो.

एलकॅकचा डेक साधारण 20 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद, म्हणजे नुसती जागा बघितली तर अब्राम्ससारखे दोन रणगाडे सहज मावतील. पण नेहमीची क्षमता 54 टन, फारच ताणलं तर 68, आणि सुरुवातीचा अब्राम्स एकटाच 54 टनांचा होता. मग एकातच कोटा संपला ना! हमवीसारख्या हलक्या गाड्या असतील तर मात्र 12 पर्यंत जातात, तेव्हा डेक खरा भरलेला दिसतो.

वजन पेलतं कसं, तर लोडसकट 180 टनांच्या आसपासचं ते धूड खालच्या 27 बाय 14 मीटरच्या हवेच्या गादीवर पसरतं, भागाकार केला तर एका चौरस सेंटिमीटरला जेमतेम 50 ग्रॅम येतात. आपण वाळूत उभे राहिलो तर आपल्या पायाचा दाब याच्या कितीतरी पट असतो. म्हणून ते पाण्यातून सरळ वाळूवर चढतं आणि रणगाडा कोरड्या जमिनीवर उतरतो.

डेकची रचना मला सगळ्यात भारी वाटते. इंजिनं, खाली हवा ढकलणारे लिफ्ट फॅन, कंट्रोल केबिन सगळं दोन्ही कडांना ढकललंय आणि मधला भाग पूर्ण मोकळा, पुढेही रॅम्प मागेही रॅम्प, त्यामुळे गाडी एकीकडून चढते आणि दुसरीकडून सरळ उतरते, किनाऱ्यावर गोळीबार चालू असताना रिव्हर्स घेत बसायला वेळ कुणाला असतो? मागचा रॅम्प अरुंद आहे, कारण तिथे दोन मोठे प्रोपेलर बसवलेत.

आता मावलं म्हणजे झालं असं अजिबात नाही. वजन पुढे जास्त झालं तर वेगात असताना पुढचा स्कर्ट, म्हणजे हवेची गादी अडवून धरणारा कडेचा रबरी पडदा, पाण्यात दबतो आणि नाक खुपसलं जातं, आणि एकूणच जास्त झालं तर सुरुवातीला स्वतःच्याच लाटेचा जो उंचवटा तयार होतो तो ओलांडून वेगच घेता येत नाही. म्हणून क्रूमध्ये खास लोडमास्टर असतो, कुठली गाडी कुठे उभी करायची हे तो ठरवतो आणि मग साखळ्यांनी ती डेकला जखडतात. डेक उघडा असल्यामुळे पाण्याचे फवारे आणि वाळू जोरात उडते, सैनिक न्यायचे तर वेगळी बंद केबिन डेकवर बसवावी लागते.

रशियन होव्हरक्राफ्ट झुब्र याच्या उलट, 57 मीटर लांब, रणगाडे आत झाकलेले, तीन नेतं, 150 टनांपर्यंत. पण एलकॅक मोठ्या जहाजाच्या पोटात शिरून लांबच्या समुद्रात जाऊ शकतं, म्हणून तर त्याची रुंदी तेवढीच ठेवलीय. अब्राम्स मात्र नंतर चिलखत वाढत वाढत 66 टनांच्या पुढे गेला, म्हणून 2020 पासून येणारी एलकॅकची जागा घेणारी नवी एसएससी क्राफ्ट जवळपास एलकॅकच्याच मापाची ठेवून नेहमीची क्षमताच 67 टनांची केलीय.